तीनशे रुपयांचा डबा मॉनिटर की फ्लॅट स्क्रीन? गेम पार्लर टाकण्याआधी हा हिशोब करा



मागच्या आठवड्यात दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी हिशोबाची वही घेऊन बसलो होतो. तेवढ्यात जिंतूरकडच्या एका पोराचा फोन आला. आवाजात घाई होती.

"सर, एका ऑफिसात बारा जुने मॉनिटर निघालेत. डब्बावाले. तीनशेला एक देतो म्हणतात. संध्याकाळपर्यंत सांगायचंय. गावात गेम पार्लर टाकायचा विचार आहे. आणि सर, मी वाचलंय, गेमिंगसाठी सीआरटीच बेस्ट असतात. त्यात लॅग नसतो. घेऊ का?"

मी विचारलं, "भांडवल किती आहे?"

"दीड लाख. वडिलांनी सोयाबीनचे पैसे ठेवलेत."

मित्रांनो, हे दीड लाख ऐकलं की मी सावध होतो. हा पैसा बँकेत पडून असलेला नसतो. त्यात घरच्या दोघा-तिघांचा पावसाळा गेलेला असतो. म्हणून त्याला म्हटलं, "दादा, संध्याकाळी हो पण म्हणू नको, नाही पण म्हणू नको. आधी अर्धा तास बसू, हिशोब मांडू."

तोच हिशोब आज तुमच्यासमोर ठेवतोय. गेम पार्लर तुम्हाला टाकायचा नसेल तरी वाचा. जुनी पिठाची गिरणी, जुना फ्रीज, जुनं झेरॉक्स मशीन, काहीही स्वस्तात घेताना हाच हिशोब लागतो.

आधी माझी चूक सांगतो

मी शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको, म्हणून हे आधी. बीबीए झालं आणि मी चारठाण्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. २०१३ साल होतं. परभणीत एक सायबर कॅफे बंद होत होता. त्याच्याकडून मी आठ सीआरटी मॉनिटर उचलले, चारशेला एक. तेव्हा नवा एलईडी सहा हजारांच्या घरात होता. मी घरी येऊन आईला सांगितलं, "आज चाळीस-पंचेचाळीस हजार वाचवले."

आईने एवढंच विचारलं, "वाचवले, तर मग कुठंयत?"

तिला बीबीए माहीत नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. कॉलेजात मी फिक्स्ड कॉस्ट आणि व्हेरिएबल कॉस्ट परीक्षेला लिहून आलो होतो. दुकानात मात्र फक्त खरेदीची किंमत बघितली, चालवण्याची किंमत बघितलीच नाही. उन्हाळा आला. परभणी जिल्ह्यातला एप्रिल तुम्हाला सांगायला नको. दहा बाय बाराच्या गाळ्यात वरून पत्रा तापलेला आणि आत आठ डबे गरम हवा सोडतायत. पोरं अर्ध्या तासात उठायला लागली. दोन मॉनिटर बिघडले, दुरुस्तीला प्रत्येकी सातशे गेले. म्हणजे चारशेच्या वस्तूला सातशेची दुरुस्ती! लाईट गेली की इन्व्हर्टर धाप टाकायचा. वर्षाच्या आत मी ते सगळे भंगारात काढले.

पण त्या पोराचं वाचन चुकीचं नव्हतं

हे लक्षात घ्या. "सीआरटी गेमिंगला चांगला" ही नुसती अफवा नाही. त्यात तथ्य आहे, आणि कशात आहे ते समजून घेतलं तरच पुढचा निर्णय नीट होतो.

सीआरटी म्हणजे पिक्चर ट्यूब. मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉनची गन असते, पुढच्या काचेवर आतून फॉस्फरचा थर असतो. इलेक्ट्रॉनचा झोत जिथं पडतो तिथं तो थर उजळतो आणि लगेच विझतो. झोत एक-एक ओळ करत वरून खाली येतो, सेकंदाला साठ, पंच्याऐंशी किंवा त्याहून जास्त वेळा. यातून तीन फायदे होतात.

एक, सिग्नल आला की तो थेट काचेवर जातो, मध्ये थांबून प्रक्रिया करणारं काही नसतं. बटण दाबलं आणि चित्र हललं, यातला उशीर जवळजवळ शून्य.

दोन, पळणारं चित्र फिसकटत नाही. गाडी जोरात वळवली तरी रस्त्याकडेची झाडं स्पष्ट दिसतात.

तीन, जुने गेम कमी रिझोल्यूशनचे असतात. फ्लॅट स्क्रीनचे ठिपके मोजून ठरलेले असतात, त्यामुळे छोटं चित्र ताणून मोठं करावं लागतं आणि ते भुरकट दिसतं. ट्यूबला असे ठरलेले ठिपके नसतात, म्हणून जुना गेम तिच्यावर छान दिसतो.

लहानपणी कॅसेटवाला गेम खेळलाय ना? त्यात बंदुकीने बदकं मारायचा 'डक हंट' होता. तो १९८४ चा गेम. तीच बंदूक आज एलईडी टीव्हीला लावून बघा, एक बदक पडणार नाही. कारण ती बंदूक गोळी मारत नाही, ती उजेड बघते. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला सेन्सर तो चौकोन त्याच क्षणी शोधतो. फ्लॅट स्क्रीन हा चौकोन किंचित उशिरा दाखवते, आणि तेवढ्यात खेळ संपलेला असतो.

परदेशात 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' नावाचा २००१ चा गेम आहे. त्याच्या स्पर्धांना खेळाडू आजही जड ट्यूब टीव्ही उचलून आणतात. तेव्हा जुन्या गेमसाठी, शौकिनांसाठी सीआरटी खरंच भारी आहे.

आता प्रश्न असा, की तुमच्या दुकानात येणारा शौकीन आहे का गिऱ्हाईक?

गिऱ्हाईकाच्या खिशात काय आहे ते बघा

तुमच्याकडे येणारं पोरगं सोळा-सतरा वर्षांचं आहे. त्याच्या किंवा त्याच्या दादाच्या हातातल्या मोबाईलची स्क्रीन नव्वद किंवा एकशेवीस हर्ट्झची आहे. म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलतं. तो गेम घरी खाटेवर पडून फुकटात खेळतो. तो तुमच्याकडे तासाचे पैसे का देईल?

मी माझ्या दुकानातल्या पोरांना विचारलं. उत्तरं सरळ होती. मोठा स्क्रीन. मोबाईलवर न चालणारे गेम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार दोस्त शेजारी-शेजारी बसून ओरडत खेळता येतं.

अशा पोराला तुम्ही चौकोनी, फुगीर काचेचा डबा दाखवला तर तो लॅग मोजत बसणार नाही. तो हसेल आणि जाईल. शिवाय आजचे गेम रुंद पडद्यासाठी बनतात. सतरा इंची चौकोनी सीआरटीवर एक तर बाजूचं चित्र कापलं जातं, नाही तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात.

तांत्रिक अडचण वेगळीच. सीआरटीला निळ्या टोकाची व्हीजीए केबल लागते. २०१६ नंतरच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना तो ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. मग प्रत्येक मशीनला कन्व्हर्टर घ्या. तीनशेचा मॉनिटर तिथंच महाग व्हायला लागतो.

आणि डोळ्यांचं काय? साठ हर्ट्झवर ठेवलेला सीआरटी लुकलुकतो. तास-दोन तासांत डोकं दुखतं. तो निदान पंच्याऐंशी हर्ट्झवर ठेवावा लागतो, आणि जुन्या ऑफिसातला प्रत्येक मॉनिटर आपल्या हव्या त्या रिझोल्यूशनला तेवढा जाईलच असं नाही.

आता वही काढा

सहा सीटचं पार्लर धरू. दिवसाला १० तास चालू. वीज युनिटला १२ रुपये धरतो. तुमच्या बिलावर जो व्यापारी दर असेल तो टाका.

सतरा इंची सीआरटी साधारण ७५ वॅट खातो. बावीस इंची एलईडी साधारण २५ वॅट. फरक ५० वॅटचा.

६ मॉनिटर × ५० वॅट = ३०० वॅट
३०० वॅट × १० तास = रोज ३ युनिट
३ युनिट × ३० दिवस = महिना ९० युनिट
९० युनिट × १२ रुपये = महिना १,०८० रुपये

आता खरेदी. सहा सीआरटी तीनशेने १,८०० रुपये. सहा जुने ऑफिसातले एलईडी, चांगल्या स्थितीतले, समजा अडीच हजाराने १५,००० रुपये. जास्तीचे गेले १३,२००.

१३,२०० भागिले १,०८०. उत्तर साधारण १२ महिने.

म्हणजे स्वस्त मॉनिटर घेऊन "वाचवलेले" पैसे तुम्ही वर्षभरात विजेच्या बिलातून परत देता. दुसऱ्या वर्षापासून दर महिन्याला हजार रुपये खिशातून जातात. माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. वाचवलेले पैसे मीटरमध्ये गेले!

अजून दोन गोष्टी वहीत लिहा.

इन्व्हर्टर. दीडशे एएचची एक बॅटरी, बारा व्होल्ट. कागदावर १,८०० वॅट-तास, हातात येतात साधारण १,२०० धरा. सहा सीपीयू प्रत्येकी १२० वॅटने ७२० वॅट. सीआरटी जोडले तर एकूण १,१७० वॅट, बॅकअप एक तास. एलईडी जोडले तर ८७० वॅट, बॅकअप एक तास वीस मिनिटं. वीस मिनिटं कमी वाटतात ना? पण लाईट गेल्यावर मधेच बंद पडलेल्या गेमचे पैसे कोणी देत नाही. वर सीआरटीला इन्व्हर्टरही मोठ्या क्षमतेचा लागतो.

जागा. सतरा इंची सीआरटीची खोली साधारण दीड फूट. पुढे कीबोर्ड धरला तर टेबल अडीच फुटांचं लागतं. दहा फूट रुंद गाळ्यात दोन्ही भिंतींना टेबलं लावली की पाच फूट गेले. उरलेल्या पाच फुटांत पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या, आणि मधून जायला वाट नाही. एलईडीला पावणेदोन फुटांचं टेबल पुरतं, मधे माणूस जाण्याइतकी जागा राहते. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला लागलेली आग आठवा. आपला गाळा छोटा असला तरी पळायला वाट, आग विझवायचं सिलिंडर आणि व्यवस्थित वायरिंग, यात काटकसर नको.

मग फ्लॅट स्क्रीन कुठली घ्यायची?

इथं पोरं दुसऱ्या टोकाला जातात. यूट्यूबवर बघतात आणि म्हणतात, "सर, १४४ हर्ट्झच पाहिजे."

१४४ हर्ट्झ म्हणजे दर सात मिलिसेकंदाला नवं चित्र. साठ हर्ट्झला तेच साडेसोळा मिलिसेकंदाला. फरक जाणवतो, खोटं नाही. पण तुमचा कॉम्प्युटर सेकंदाला १४४ चित्रं तयारच करत नसेल, तर महागडा मॉनिटर काय दाखवणार? पाईप सहा इंची आणि मोटर अर्ध्या एचपीची, असं होतं ते. आधी मोटर बघा, मग पाईप.

माझा सल्ला असा:

- चार सीटला साधे, वापरलेले पण तपासलेले एलईडी. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून डाग बघा, अर्धा तास चालू ठेवा, मग पैसे द्या.
- दोन सीटला नवा, जास्त हर्ट्झचा मॉनिटर आणि त्याला साजेसा कॉम्प्युटर. त्याचा तासाचा दर वेगळा. चार सीटचं गिऱ्हाईक या दोन सीटकडे बघत राहतं आणि एक दिवस तिथं बसतं.
- मोठा टीव्ही लावणार असाल तर सेटिंगमधला 'गेम मोड' चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात उशीर लावतो, गेम मोड तो उशीर कमी करतो. हे फुकटात होतं आणि बरेच जण करत नाहीत.

स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं, की मोठ्यांचंही चुकतं

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातला पहिला रंगीत टीव्ही व्हिडिओकॉनचा. छत्रपती संभाजीनगरजवळ, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, चितेगावला त्यांचा कारखाना. आपल्या भागातून निघून देशभर पोचलेली कंपनी, अभिमान वाटावा अशीच.

२००५ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने हाती आले. थॉमसनला तो धंदा सोडायचा होता, कारण जग सपाट पडद्याकडे निघालं होतं. २००७ संपता संपता जगात एलसीडी टीव्हीची विक्री ट्यूब टीव्हीच्या पुढे गेली. सोनीने १९६८ पासून गाजवलेली ट्रिनिट्रॉन ट्यूब २००८ मध्ये बनवणं थांबवलं. व्हिडिओकॉन पुढे २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला कारणं बरीच होती, टेलिकॉम होतं, कर्ज होतं. सगळं खापर ट्यूबवर फोडणं बरोबर नाही. पण एक धडा आपण घेऊ शकतो. विकणारा स्वस्तात का विकतोय, हे आधी विचारा. तो अडचणीत आहे म्हणून विकत असेल तर सौदा चांगला असू शकतो. वस्तूचे दिवस भरलेत म्हणून विकत असेल, तर ते दिवस आता तुमच्या दारात मोजले जाणार.

एक सीआरटी मात्र घ्या

हो, बरोबर वाचलंत. एकच.

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना ट्यूब टीव्ही, त्याला कॅसेटवाला गेम आणि बंदूक. दिवाळीत पुण्या-मुंबईची नोकरदार मंडळी गावी येतात. तीस-पस्तिशीचा बाप आपल्या लेकराला घेऊन आला की त्या कोपऱ्यात थांबतो. "हे बघ, आम्ही हे खेळायचो" म्हणत स्वतःच अर्धा तास खेळतो. चारठाण्यात गोकुळेश्वराचं देऊळ आणि तो कोरीव उंच स्तंभ बघायला बाहेरून लोक येतात. जुन्या गोष्टीची किंमत आपल्या गावाला नव्याने सांगायची गरज नाही. पण जुनं बघायला ठेवणं वेगळं, आणि त्याच्यावर रोजचा गल्ला उभा करणं वेगळं.

हा टीव्ही कधी उघडू नका. ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. बिघडला तर जाणत्या मेकॅनिकलाच द्या. आणि भंगारात काढताना मी केलं ते करू नका. माझ्या आठ डब्यांतल्या तांब्यासाठी भंगारवाल्याने माझ्या दुकानासमोरच काचा फोडल्या. त्या काचेत शिसं असतं हे मला नंतर कळलं. शेजारची लेकरं तिथं खेळायची. ते आठवलं की आजही बरं वाटत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या, चार पैसे कमी आले तरी चालतील.

पार्लरच्या तीन लक्ष्मणरेषा

परवानगीची चौकशी तहसील आणि पोलीस ठाण्यात आधी करा, बोर्ड नंतर लावा. शाळेच्या वेळात गणवेशातलं लेकरू आत घेऊ नका. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम दुकानात अजिबात नको. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावर केंद्राने कायद्यानेच बंदी आणली आहे. गावात धंदा नावावर चालतो. एका बापाने "तिथं माझं पोरगं बिघडलं" म्हटलं की तुमचा १४४ हर्ट्झ काही कामाचा नाही.

त्या पोराने काय केलं?

हिशोब झाल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मग बारा नको." मी त्याला म्हटलं, मॉनिटरचं राहू दे, आधी तीन दिवस संध्याकाळी तुझ्या गावच्या चौकात बस आणि मोज. किती पोरं येतात, त्यांच्या खिशात रोजचे किती पैसे असतात.

चौथ्या दिवशी फोन आला. मोजून झालं होतं. सहा सीट भरतील असं त्याला वाटत नव्हतं. आता तो चार सीटने सुरू करतोय, सोबत प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं काम. दीड लाखातले साठ हजार त्याने हातात राखून ठेवलेत. त्या ऑफिसातून त्याने एकच सीआरटी उचलला, कोपऱ्यासाठी. तीनशेचा दोनशे करून!

तुमचा गृहपाठ: तुम्ही स्वस्त म्हणून जी वस्तू घ्यायच्या विचारात आहात, तिचं नाव वहीत लिहा. खाली चार ओळी लिहा. खरेदी किती, महिन्याची वीज किती, दुरुस्ती किती, जागा किती. मग घरातल्या मोठ्या माणसाला ते पान दाखवा. माझ्या आईसारखा एखादा प्रश्न आला, तर उत्तर तयार ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हिशोब पक्का ठेवा!